पाण्याच्या बाटलीचे मशीन कॅनला चालेल का?

प्रश्न : फिनाइलसाठी पाच लिटरचे मुठीचे कॅन बनवायचे आहेत. पाण्याच्या बाटल्यांचे जुने मशीन स्वस्तात मिळतेय. घेऊ का?
– एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : घेऊ नका. ते मशीन पेट या प्लास्टिकचे. त्यात तयार प्रीफॉर्म (बाटलीची जाड, आखूड नळी) साधारण 100 अंशांपर्यंत तापवून, सळईने ताणून हवेने फुगवतात. मुठीचा कॅन एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकचा. त्याला एक्स्ट्रूजन ब्लो मोल्डिंग मशीन लागते. त्यात दाणा 180 ते 200 अंशांवर वितळवतात, डायमधून गरम नळी खाली उतरते, साचा मिटतो आणि हवेच्या दाबाने नळी साच्याला चिकटते. माल जास्त तापला तर नळी स्वतःच्याच वजनाने ओघळते. मग कॅन वर पातळ, खाली जाड. म्हणून मशीन पाहायला जाल तेव्हा चालवून घ्या, एक कॅन उभा कापा आणि कोपऱ्यांची जाडी तपासा.

मशीनबरोबर कॉम्प्रेसर, साचा गार ठेवायला चिलर आणि थ्री-फेज वीज यांचाही खर्च धरा. कडेचा कापलेला माल दळून पुन्हा वापरता येतो. प्रशिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. अनुदानित कर्जाची चौकशी बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात करा. मात्र आधी गिऱ्हाईक पक्के करा, मगच साच्याची ऑर्डर द्या.