पाळणा लांबवायचा असेल तर

हे बघ बाळ, लग्न ठरल्यापासून तुला जो तो बजावतोय, ‘गोळ्या घेऊ नकोस, पुढे दिवस राहायचे नाहीत.’ नर्सची नोकरी केली तेव्हा हेच मी घरोघरी ऐकलं. त्या भीतीपोटी नको असताना गरोदर राहिलेल्या पोरीही पाहिल्या. म्हणून नीट ऐक.

माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस हार्मोनच्या, त्या बीज सुटू देत नाहीत. उरलेल्या सात निव्वळ लोहाच्या. त्या दिवसांत अंगावर जातं ते हार्मोन थांबल्यामुळे, ती खरी पाळी नव्हे. गोळी सोडली की काही दिवसांत तिचा अंमल उतरतो. बहुतेकींची पाळी 1 ते 3 महिन्यांत मार्गी लागते. कुणाला पाळी यायच्या आतच दिवस जातात, म्हणून मूल नको असेल तर गोळी सोडली त्याच दिवसापासून निरोध वापरायचा.

मग बायका तक्रार का करतात? गोळीवर महिना कसा घड्याळासारखा येतो. मुळात जिची पाळी दोन-दोन महिने लांबायची, तिची गोळी सुटल्यावर पुन्हा लांबते आणि खापर फुटतं गोळीवर. तू सुरू करण्याआधीचे चार-सहा महिने कालनिर्णयवर तारखांना गोल करून ठेव. पुढे डॉक्टरांना तेच दाखवायचं. आणि वयही मोजत जा, गोळी घेतली म्हणून ते थांबत नाही.

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचं मात्र वेगळं. सरकारी दवाखान्यात 2017 पासून मिळतं, तीन महिन्यांनी एक. औषध अंगात हळूहळू विरतं, म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने जातात. वांझपण येत नाही, उशीर होतो. वर्षभरात मूल हवं असेल तर हे इंजेक्शन घेऊच नकोस.

बीपी किंवा अर्धशिशी असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांग.

मूल हवंसं वाटलं की गोळी सोड आणि फॉलिक ॲसिड सुरू कर, रोज 400 मायक्रोग्रॅम. वर्षभर वाट बघ. पस्तिशी ओलांडली असेल तर सहाच महिने. मग दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. जावईबापूंची वीर्यतपासणी सोपी असते, स्वस्तही. तुझ्या पोटात दुर्बीण घालायच्या आधी ती होऊ दे.