मजकूर आधी, मांडणी नंतर

भाटघर, नीरा देवघर, पानशेत. या धरणांखाली गेलेल्या गावांच्या आठवणी मी भोर-वेल्ह्यात फिरून टिपून ठेवतो. जुन्या नोंदी एका डीटीपीवाल्याकडून वर्डमध्ये टाइप करून घेतल्या होत्या. पानं देखणी, चौकटी झोकदार. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, तेव्हा त्या फायलींत 'वेल्हे' कुठे कुठे आलंय ते शोधलं. एकदाही सापडलं नाही. फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरांचा चिवडा. ज्या आजींनी त्या आठवणी सांगितल्या, त्या आता हयात नाहीत. पुन्हा विचारायचं कुणाला?

दोष वर्डचा नव्हता, जुन्या फॉन्टचा होता. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप केलं, तर फायलीत साठतं ते ई, जे, के, बी, एच एवढंच. मराठी दाखवायचं काम फॉन्टचं; तो नसला की रोमन अक्षरंच दिसतात. युनिकोडमध्ये १९९१पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. जुन्या फॉन्टचं नाव ठाऊक असेल तर परिवर्तक मिळतात. पण रफार आणि जोडाक्षरं छापील प्रतीशी ताडून ओळ न् ओळ वाचावीच लागतात.

म्हणून गावाचा इतिहास, ओव्या, वंशावळी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: मूळ मजकूर साध्या टेक्स्ट फायलीत, युनिकोडमध्येच ठेवा. नोटपॅडमधून सेव्ह करताना 'यूटीएफ-८' निवडा. 'एएनएसआय' निवडलंत तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. साधी फाइल कुठल्याही मोबाइलवर उघडते. पाठवताना तोरण्याच्या पायथ्याला रेंज गेली आणि ती अर्धवटच पोचली, तरी आलेला भाग वाचता येतो. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे आत झिप. ती तुटली की बहुतेकदा उघडतच नाही.

तहसीलचा अर्ज, ग्रामसभेचा तक्ता, पुस्तकाची छपाई यांना वर्ड किंवा लिबरऑफिसच हवं. संपादक दुरुस्त्या सुचवणार असेल तरीही तेच सोयीचं. मात्र तिथे झालेल्या दुरुस्त्या मूळ फायलीत उतरवल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. आणि नाव बदलायचं म्हणून 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. तालुका राजगड झाला, तरी वेल्हे बुद्रुक हे गाव वेल्हेच आहे, आणि आजींच्या तोंडचं 'वेल्हं' तर तसंच राहायला हवं.