पट्टे आवळूनही हवा का सुटते?

प्रश्न : ह्यांना स्लीप एप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडतो. रात्री सीपॅप मशीन लावतात. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सारखी हवा येते, शिवाय वरून डोळ्यांत जाते. पट्टे जितके आवळावेत तितकी फुसफुस वाढते. भोकांवर चिकटपट्टी लावली तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चिकटपट्टी कृपा करून लावू नका. नळी एकच आणि तिच्यातून हवा सतत आत येत असते, त्यामुळे सोडलेला श्वास त्या भोकांतूनच बाहेर पडतो. ती बुजवली तर तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतला जाईल. ही गळती हिशोबातलीच असते. मशीन ती धरूनच दाब राखते.

डोळ्यांत जाणारी हवा मात्र थांबवायलाच हवी. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि गळती फार झाली की घसा उघडा ठेवणारा दाबही टिकत नाही.

मग आवळून का थांबत नाही? मास्कच्या कडेला सिलिकॉनची कुशन असते, तिचा पापुद्रा पातळ असतो. आतल्या हवेने तो फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर स्वतःच बसतो. पट्टे ओढले की तो चेपतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीतून हवा निसटते. वर नाकाच्या हाडावर वळ उठतो तो वेगळाच. डॉक्टर कॉलिन सलिवन यांनी सिडनीत सीपॅपचा हा उपचार शोधला आणि 1981 साली प्रसिद्ध केला. तेव्हाचे मास्क रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन बनवत आणि रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवत. आजचा पापुद्रा तेच काम हवेच्या जोरावर करतो, म्हणून त्याला फुगायला जागा ठेवा.

आज रात्री असं करून बघा. यजमानांना आधी नेहमीच्या कुशीवर आडवं होऊ द्या, कारण बसून नीट बसलेला मास्क झोपल्यावर सरकतो. मशीन चालू करा. मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून हवा भरू द्या आणि अलगद परत टेकवा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, हवा थांबेल इतपतच ओढा. नळी उशीखाली दबून मास्क ओढत नाही ना, तेही बघा. झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवावा, क्रीम लावू नये. डोक्याला तेल चोपडलेलं असेल तर पट्टे घसरतात. कुशनवरही चेहऱ्याचं तेल बसतं, म्हणून ती रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. कडा कडक किंवा पिवळट झाली असेल तर फक्त कुशन बदलून मिळते, अख्खा मास्क घ्यायची गरज नसते.

मिशा भरघोस असतील तर मास्कचा प्रकारच बदलावा लागेल. नुसत्या नाकाचा मास्क असून सकाळी तोंड सुकत असेल, तर हवा तोंडातून जाते आहे. तेव्हा आधी चोंदलेल्या नाकावर उपचार करून घ्या. तरीही तोंड उघडंच राहिलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क विचारा. दाबाचा आकडा मात्र घरी बदलू नका. मशीन रोजच्या गळतीची नोंद ठेवते. पुढच्या तपासणीला ते सोबत न्या आणि डॉक्टरांना ती नोंद दाखवा.