तहान लागण्याआधी

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ‘हुआंगदी नेईजिंग’ सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा. आजार जडल्यावर धावाधाव करणाऱ्याला त्यात तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची उपमा दिली आहे. जळगावला अॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा माझ्या गुडघ्यात सुया होत्या आणि डोळ्यांपुढे माय. एरंडोलच्या आमच्या घरात ती हेच म्हणायची, याच शब्दांत. तेव्हापासून तिच्या सवयी आणि चिनी वैद्यांच्या सवयी मी शेजारी ठेवून पाहते आहे.

१. तळपाय रोज हातात घ्यावा. रात्री निजायच्या आधी माय काशाची वाटी काढायची. “पाय दे इकडे,” म्हणायची आणि तूप लावून घासत बसायची. तळवा काळा पडला की म्हणायची, उष्णता निघाली. मी शाळेत विज्ञान शिकवलं. तो काळेपणा काशातल्या तांब्याचा, उष्णतेचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाटी मी सोडली नाही. चिनी वैद्य तळव्याच्या पुढच्या भागात, मधोमध ‘योंगछुआन’ नावाचा बिंदू मानतात. नावाचा अर्थ उसळता झरा. झोपण्याआधी गरम पाण्यात पाय बुडवून तो चोळायची तिकडे जुनी रीत आहे.

पण मला पटलेलं कारण वेगळंच आहे. मायला साखरेचा आजार होता, पुढे पायांची जाणीव कमी झाली. एका रात्री वाटी फिरवताना माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. बाभळीचा काटा! टाचेत रुतून बसलेला, भोवती सूज, आणि मायला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काढला. आठवडाभर तो तसाच राहिला असता तर, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. घरात साखरेचं माणूस असेल तर रोज त्याचे तळपाय बघा. वाटी नसली तरी चालेल.

२. जेवून लगेच आडवं होऊ नये. आपली शतपावली तशीच चीनमध्येही आहे. जेवणानंतर शंभर पावलं चालणारा नव्व्याण्णव वर्षं जगतो, असं तिकडची म्हातारी माणसं सांगतात. मी अंजनी नदीच्या पुलापर्यंत जाऊन येते. जेवणानंतर साखर एकदम चढते, चालल्याने ती आवरते.

३. दिवस बघून वागावं. हिवाळ्यात लवकर निजा, सूर्य वर आल्यावर उठा, असं नेईजिंग सांगतो. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे कसं जमणार? रात्रपाळीची वीज आली की थंडीतही पाणी भरायला जावंच लागतं. म्हणून मी त्यातलं जमेल तेवढंच घेते. थंडीत बाजरीची भाकरी, तीळ, कळण्याची भाकरी आणि भरीत. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की माठाचं पाणी, कैरीचं पन्हं, आणि दुपारी घराबाहेर पाऊल नाही. उन्हाळ्यातही चिनी माणूस कोमट पाणीच पितो, हे मात्र मला साधलेलं नाही.

४. सुई लावून घ्यायची तर नोंदणी विचारून. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं, वापरलेली सुई टाकून द्यायला लावावी. यात भीड धरू नये. माझा गुडघा दुखायचा थांबला नाही, दुखणं कमी झालं. पद्मालयाच्या पायऱ्या आता कठड्याला धरून चढते, गणपतीपुढे उभी राहते. मला तेवढं पुरे आहे.

५. गोळी बंद करू नये. बरं वाटतंय म्हणून एका थंडीत मी रक्तदाबाची गोळी बारा दिवस सोडली. वाटी आहे, चालणं आहे, मग गोळी कशाला, असं वाटलं होतं. तेराव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. मनगट मोडलं. आता गोळ्यांची डबी काशाच्या वाटीतच ठेवते. वाटी घ्यायची तर आधी डबी उचलावी लागते.