थांबलेले वर्ष आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती

पीयूसीचा निकाल हाती आला की आमच्या भागातील अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : यंदाच महाविद्यालयात जावे, की एक वर्ष थांबावे? कोणास वैद्यकीय प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावयाची असते, कोणाच्या घरी आजारपण असते, तर कोणास उद्यमबागेतील कारखान्यात वर्षभर काम करून फीचे पैसे साठवावयाचे असतात. मुलीच्या बाबतीत ‘भावाचे होऊ दे, मग तुझे पाहू’ असेही ऐकू येते. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरांत ‘एक वर्स राव’ हे तीन शब्द अशा वेळी सहज उच्चारले जातात. थांबावे की न थांबावे हा निर्णय ज्याच्या त्याच्या घराचा आहे. परंतु थांबल्याने शिष्यवृत्ती, फीमाफी व कर्ज यांचे काय होते हे जाणल्यावाचून तो घेणे इष्ट नव्हे. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास आपण करू.

१. जागा, विद्या आणि पैसा

प्रथम तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करू. पहिली जागा, दुसरी विद्या, तिसरी पैशाची मदत.

आपल्या देशात महाविद्यालयातील जागा सहसा कोणासाठी राखून ठेवली जात नाही. कर्नाटकाच्या सीईटीची गुणानुक्रम यादी त्या त्या वर्षापुरती असते. पुढील वर्षी अर्ज नवा, यादी नवी आणि स्पर्धकही नवे. परदेशांतील काही विद्यापीठे मात्र लेखी परवानगीने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात.

विद्या थांबू शकते. २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहू शकतात. मध्येच शिक्षण सुटले तरी झालेला अभ्यास वाया जात नाही.

पैशाचा न्याय मात्र निराळा आहे. जागा मिळाली व विद्या शाबूत राहिली, म्हणून मदतही आपली वाट पाहत थांबेल असे नाही.

२. एक मोठे उदाहरण

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा करारही होता. १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी व ग्रेज इन येथे कायद्यासाठी त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले.

विद्यापीठाने चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना दिली होती. म्हणजे जागा थांबली. शिष्यवृत्ती थांबली नाही. मग १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे शिल्लक टाकले. छत्रपती शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. मध्यंतरी थांबणे त्यांच्या इच्छेचे नव्हते. परंतु परतण्याची परवानगी त्यांच्या हाती होती आणि पैशाचा मार्ग त्यांनी नव्याने शोधला. आमच्या विषयाचे सार एवढ्यात आले.

३. आजच्या योजना कशाला बांधलेल्या आहेत?

प्रत्येक मदत कोणत्या तरी एका गोष्टीला बांधलेली असते. ती गाठ ओळखली की थांबण्याचा परिणाम आपोआप कळतो.

(अ) उत्तीर्ण होण्याच्या वर्षाला बांधलेली मदत : केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती या प्रकारची आहे. आपापल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत, आपल्या शाखेत, ८० व्या शतमकाच्या वर असणाऱ्या आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. देशभर दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या ठेवलेल्या आहेत. पदवीची पहिली तीन वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. नवा अर्ज मात्र ज्या वर्षी बारावी उत्तीर्ण झाली त्याच वर्षी करावयाचा असतो. पुढील प्रत्येक वर्षी ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते.

(आ) ठरावीक खंड चालणारी मदत : तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी असलेल्या प्रगती शिष्यवृत्तीत वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. घरच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. येथे बारावी व प्रवेश यांत दोन वर्षांहून अधिक अंतर नसावे असा नियम आहे. एक वर्ष थांबल्याने दार मिटत नाही. तीन वर्षांनी मिटते.

(इ) उत्पन्नाला बांधलेली मदत : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न दरवर्षी बदलते. थांबलेल्या वर्षात मोठा भाऊ कमावू लागला म्हणून नव्हे, तर आईवडिलांचे उत्पन्न वाढले म्हणून मदत जाऊ शकते. उलट घरावर संकट आले तर पूर्वी न मिळणारी मदत मिळूही शकते. या योजनेत आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पूर्वपरवानगीवाचून अभ्यासक्रम बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, आणि वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. म्हणून ‘वर्ष फुकट नको’ एवढ्यासाठी कोठेतरी नाव घालून मग सोडणे, हे न जाण्यापेक्षाही महाग पडू शकते.

(ई) पालकांच्या कामाला बांधलेली मदत : निपाणी व आसपासच्या गावांतील विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची योजना आहे. इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. येथे आईचे अथवा वडिलांचे कामगार ओळखपत्र हाच मुख्य आधार. थांबलेल्या वर्षात ते ओळखपत्र व कामाची नोंद सांभाळली पाहिजे.

४. कर्जाविषयी

शैक्षणिक कर्ज प्रवेशाच्या पत्रावर मंजूर होते. प्रवेश पुढे गेला तर जुनी मंजुरी गृहीत धरू नये. नवे पत्र व नवी फी दाखवून बँकेस पुन्हा विचारावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळण्याची सोय आहे. संस्था त्या यादीत असणे आवश्यक असल्याने प्रवेशाच्या वर्षी यादी पाहून घ्यावी. कर्जाच्या व्याजावर सरकारी सवलत घेऊन मध्येच अभ्यास सोडणाऱ्यास ती सवलत पुढे मिळत नाही, हेही विसरू नये.

५. सीमेवरच्या विद्यार्थ्यांसाठी

आमच्या भागात आणखी एक प्रश्न असतो. निपाणीस लागूनच असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कागल तालुक्यात आहे. निपाणीचा मुलगा पायी जाऊन दुसऱ्या राज्यात शिकू शकतो. परंतु मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी जेथला कायम रहिवासी त्या राज्याकडून मिळते. महाविद्यालय कोठे आहे यावर ते ठरत नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यासाठी रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला लागतो. थांबण्याचे ठरलेच तर रिकाम्या वर्षाचा पहिला उपयोग हे दाखले मिळविण्यासाठी करावा.

६. हिशेब करून पाहू

समजा, एका मुलीस पीयूसीत उत्तम गुण आहेत. ती ८० व्या शतमकाच्या वर आहे आणि घरचे उत्पन्न तीन लाख आहे. ती यंदाच बी.एस्सी.ला गेली आणि शिष्यवृत्तीस निवडली गेली, तर तीन वर्षांत ३६,००० रुपये मिळतील. वैद्यकीय परीक्षेसाठी ती थांबली आणि तेथे प्रवेश मिळाला, तर हे नुकसान मोठे वाटणार नाही. न मिळाल्यास पुढच्या वर्षी तोच बी.एस्सी.चा वर्ग राहील, पण ३६,००० रुपये नसतील; शिवाय शिकवणीचा खर्च झालेला असेल. जी पैसे साठविण्यासाठी थांबते तिच्या घरच्यांनी असा हिशेब मांडावा : वर्षभराच्या कमाईतून घरखर्च जाऊन खरोखर किती उरेल? ते ३६,००० हून कमी असेल, तर ‘फीसाठी थांबलो’ म्हणण्यात अर्थ नाही.

या हिशेबात न मावणारी एक गोष्ट आहे. मुलगा थांबला तर बहुधा पुढल्या वर्षी त्याला विचारले जाते. मुलगी थांबली तर तिला स्थळे येऊ लागतात, अथवा घरातले काम तिच्यावर पडते, आणि एक वर्षाचे कायमचे होते. शिष्यवृत्ती ही केवळ रक्कम नव्हे. दरवर्षी वर्गात बसण्यासाठी घरासमोर ठेवता येणारे ते एक सबळ कारण आहे. ते कारण गेले की मुलीची बाजू दुबळी होते. पालकांनी याचा विचार विशेष करावा, अशी आमची विनंती आहे.

७. थांबावेच लागले तर

आजारपण अथवा घरातील दुःखद प्रसंग यांपुढे इलाज नसतो. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात :

१. महाविद्यालयात नाव घातले असेल तर न सांगता गैरहजर राहू नये. अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे व फी परत मिळण्याची मुदत विचारावी.
२. प्रत्येक योजनेविषयी तीन प्रश्न विचारावेत : उत्तीर्ण झाल्याचे वर्ष पाहतात काय? खंड किती चालतो? उत्पन्न कोणत्या वर्षाचे धरतात?
३. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, औषधोपचाराची कागदपत्रे जपून ठेवावीत. खंडाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र पुढे लागू शकते.
४. आधार जोडलेले बँकेतील खाते विद्यार्थ्याच्या नावाने चालू ठेवावे.
५. रकमा व अटी बदलतात. म्हणून त्या वर्षाचे परिपत्रक स्वतः वाचावे; शेजाऱ्याच्या मुलास काय मिळाले यावर विसंबू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) जागा थांबते पण मदत थांबत नाही, हे डॉ. आंबेडकरांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(२) एक वर्ष थांबल्यास वरीलपैकी कोणती मदत जाईल व कोणती राहील? कारणे द्या.
(३) आपल्या घरास लागू पडणारी एक योजना निवडून तिचे परिपत्रक मिळवा आणि घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा.

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहावयाचे नाही. ते निकालापूर्वीच घरी बसून द्यावयाचे आहे.