ज्युलिएट आणि शारदा : आईबाप आणि मुले यांच्यातील अंतर

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या शोकात्मिकेची चर्चा बहुधा दोन घराण्यांच्या वैराभोवती फिरत राहते. वैर हे या नाटकातील कारण खरे. परंतु ते एकटे कारण नव्हे. संहिता बारकाईने वाचली असता कॅप्युलेट आणि मॉन्टेग्यू या दोन घरांमधील अंतराइतकेच, त्यातील प्रत्येक घराच्या आत आईबाप आणि मुले यांच्यात पडलेले अंतर लक्ष वेधून घेते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाशेजारी ठेवून पाहिले असता या दुसऱ्या अंतराचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ (१८९०) हे रूपांतर केले होते. शेक्सपिअर त्यांना परका नव्हता. तथापि ‘शारदा’वर ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा प्रभाव होता, असे येथे सुचवावयाचे नाही. दोन्ही नाटकांत लग्न ठरते ते अल्पवयीन मुलीचे आणि ठरवितो तो बाप, एवढे साम्य तुलनेला पुरेसे आहे.

प्रथम रोमिओचे उदाहरण घ्यावे, कारण ते सहसा दुर्लक्षिले जाते. संपूर्ण नाटकात रोमिओ आपल्या आईशी किंवा वडिलांशी रंगभूमीवर एक शब्दही बोलत नाही. पहिल्याच प्रवेशात मॉन्टेग्यू दांपत्य त्याच्याविषयी चिंता व्यक्त करते. मुलगा पहाटे एकटा भटकतो, दिवसा खिडक्या लावून खोलीत कृत्रिम रात्र करून बसतो, हे वडिलांनी टिपलेले आहे. आपण विचारून पाहिले, मित्रांकरवीही विचारले, पण तो मन उघड करीत नाही, असे ते बेन्व्होलिओला सांगतात. म्हणजे येथे निष्काळजीपणा नाही. परंतु रोमिओ समोरून येताना दिसताच हे आईबाप रंगभूमीवरून निघून जातात आणि त्याच्या दुःखाचा शोध घेण्याचे काम पुतण्यावर सोपवितात. नाटककाराने योजलेले हे निष्क्रमण साध्या सोयीचे मानले, तरी पुढील सर्व प्रवेशांतही हीच रचना कायम राहते. टिबल्टच्या वधानंतर मॉन्टेग्यू येतो तेव्हा रोमिओ पळून गेलेला असतो. शेवटच्या प्रवेशात तो येतो तेव्हा रोमिओ मरण पावलेला असतो. मुलगा ज्याला खरोखर ‘फादर’ म्हणून हाक मारतो आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करतो, तो धर्मगुरू लॉरेन्स आहे.

ज्युलिएटच्या बाबतीत अंतराचा प्रकार वेगळा आहे. तिच्याशी आईबाप बोलतात. प्रश्न आहे तो कोणत्या विषयावर बोलतात याचा. तिसऱ्या प्रवेशात आई लेकीशी लग्नाची गोष्ट काढावयास येते. प्रथम ती दाईला बाहेर जाण्यास सांगते आणि लगेच परत बोलावते. आपल्या मुलीशी एकांतात बोलण्याचे या बाईला अवघड वाटते, हे दाखविण्यास एवढी एक हालचाल पुरते. मुलगी अद्याप चौदाची झालेली नाही, एवढे आई सांगते. दाईला मात्र वाढदिवसाची रात्र, दूध तोडल्याचा दिवस, त्या दिवशी झालेला भूकंप असे सारे आठवते. त्या वेळी आईबाप मान्तुआला गेले होते, असेही ती सहज बोलून जाते. दाईच्या या वाचाळपणाला समीक्षक विनोदी पात्रनिर्मितीच्या खात्यात टाकतात. परंतु बालपणाची सर्व स्मृती दाईपाशी आहे आणि आईपाशी केवळ वय आहे, ही गोष्ट विनोदात विरून जाऊ देता कामा नये. शेक्सपिअरचा आधारग्रंथ असलेल्या आर्थर ब्रूकच्या १५६२ मधील दीर्घकाव्यात नायिका सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिचे वय तेरावर आणले. हा बदल हेतुपूर्वक केलेला आहे हे उघड आहे, कारण या वयाचा उल्लेख नाटकात पुन्हा पुन्हा येतो.

कॅप्युलेटला क्रूर बाप ठरविणे सोपे आहे. पण तसे केल्याने नाटकाचा अर्थ उणावतो. पहिल्या अंकात हाच बाप पॅरिसला थांबावयास सांगतो. मुलगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्यावेत, तिचे मन जिंकावे, आपली संमती तिच्या संमतीनंतरची, असा त्याचा पवित्रा आहे. आपली इतर अपत्ये मातीआड झाली, ही एकच उरली, हेही तो सांगतो. मग सोमवारच्या रात्री, टिबल्टच्या मृत्यूच्या गोंधळात, मुलीला न विचारता तो गुरुवारचे लग्न ठरवून टाकतो. आपले म्हणणे ती ऐकेल असा त्याचा कयास आहे. मंगळवारी ज्युलिएट नकार देते तेव्हा त्याच्या तोंडून घराबाहेर काढण्याची भाषा निघते. आई पाठ फिरविते. दाईही सोयीचा सल्ला देते आणि त्या क्षणी ज्युलिएटला घरात कोणी उरत नाही. संमतीला महत्त्व देणारा बाप आणि मुलीला रस्त्यावर काढू पाहणारा बाप या दोन व्यक्ती नव्हेत. मुलीचे मत त्याला मान्य होते, ते आपल्या मताशी जुळेल या गृहीतावर. ते गृहीत दोन दिवसांत कोसळले. पुढे ज्युलिएट खोटी क्षमा मागते तेव्हा तो इतका हर्षित होतो की लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. आणि हाच एक दिवस सर्वनाशाला कारणीभूत ठरणाऱ्या घाईत भर घालतो. आनंदाच्या भरातही तो मुलीला विचारीत नाही.

‘शारदा’कडे वळल्यावर अंतराची मांडणी उलटी दिसते. येथे दुरावा आहे तो बापाचा. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला कांचनभट पैशाच्या लोभाने मुलगी देऊ करतो आणि भद्रेश्वर दीक्षित हा सौदा जुळवितो. इंदिराकाकूचे मन मात्र लेकीपाशी आहे. निर्णय तिच्या हाती नाही. व्हेरोनात आईजवळ अधिकार होता, जवळीक नव्हती. येथे जवळीक आहे, अधिकार नाही. मुलीच्या दृष्टीने दोहोंचे फळ एकच. शारदेची भीती व्यक्त होते ती प्रामुख्याने पदांतून, म्हणजे रंगभूमीवरील अशा उच्चारातून की जो प्रेक्षकाला ऐकू येतो आणि ज्याने ऐकावयास हवा त्या बापापर्यंत पोहोचत नाही. संगीत नाटकाच्या संकेताचा इतका अर्थपूर्ण उपयोग त्या काळात क्वचितच आढळेल.

या नाटकामागचा काळ ध्यानात घ्यावा लागतो. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. त्याआधी रखमाबाईचा खटला (१८८४-८८) गाजला. अकराव्या वर्षी झालेले लग्न नाकारणाऱ्या या मुलीच्या पाठीशी तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे राहिले होते. ज्युलिएट आणि शारदा या दोघींनाही घरात असा कोणी लाभला नाही. पुढे १९२९ मध्ये मुलींसाठी चौदा वर्षांची मर्यादा घालणारा कायदा आला, तो सारडा कायदा म्हणून ओळखला जातो. नामसादृश्यामुळे त्याचा देवलांच्या नायिकेशी संबंध जोडण्याचा मोह होतो. ते नाव विधिमंडळ सदस्य हरबिलास सारडा यांचे आहे.

शारदेची सुटका होते ती कशी, हा कळीचा प्रश्न आहे. वर आणि वधू सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो आणि विवाह थांबतो. बापाचे मन द्रवत नाही. आईचा अधिकार वाढत नाही. शास्त्रातील एक नियम मुलीच्या बाजूने पडतो, एवढेच. हा नियम आड आला नसता तर कांचनभट थांबला असता, असे मानण्यास संहितेत आधार नाही. शिवाय विवाह मोडल्यावर शारदा नदीकडे जाते, याचाही अर्थ लावला पाहिजे. सुटका झालेल्या मुलीला घरी परतावेसे वाटत नाही. कोदंड तिला वाचवितो आणि नाटक सुखान्त होते. परंतु बाप आणि मुलगी यांच्यातील अंतर तसेच राहते. सुखात्मिकेच्या चौकटीत देवलांनी न सुटलेली एक शोकात्मिका ठेवून दिली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

महागाव, उमरखेड, पुसद या भागातील महाविद्यालयांत ही नाटके शिकविताना व्हेरोनाचे राजवाडे आणि तलवारी दूरच्या वाटतील. विवाहाचे किमान वय मुलींसाठी अठरा कायम ठेवणाऱ्या २००६ च्या कायद्याच्या काळात चौदा वर्षांच्या वधूही इतिहासातील वाटाव्यात, अशी अपेक्षा आहे. परंतु बैठकीत तारीख ठरते आणि ती आतल्या खोलीत कळविली जाते, ही कॅप्युलेटच्या घरातील पद्धत समजावून सांगण्यास शिक्षकाला फारसे भाष्य लागणार नाही. अशा वर्गात चर्चा वैरापासून सुरू करण्याऐवजी सोमवारच्या रात्रीच्या त्या छोट्या प्रवेशापासून सुरू करणे अधिक फलदायी ठरेल.

शेवटच्या प्रवेशात कॅप्युलेट मॉन्टेग्यूचा हात मागतो आणि तो आपल्या मुलीचे स्त्रीधन समजावे असे म्हणतो. प्रेतांसमोरही त्याच्या तोंडी भाषा येते ती लग्नाच्या करारमदाराचीच. मॉन्टेग्यू ज्युलिएटची सोन्याची मूर्ती उभारण्याचे वचन देतो. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याची पत्नी त्याच रात्री वारलेली असते. रोमिओने मरण्यापूर्वी वडिलांना एक पत्र लिहिलेले आहे. संपूर्ण नाटकात मुलाने बापाला उद्देशून केलेला हा एकमेव उच्चार. सेवकाच्या हातून ते पत्र राजा मागून घेतो, सर्वांसमक्ष तोच ते पाहतो आणि त्यातील मजकुराचा सारांशही तोच सांगतो.