‘ओव्हरड्रॉ’ : एका इंग्रजी क्रियापदाचा विचार

गतवर्षी आम्ही वर्गात भाषांतरासाठी एक लहानसे इंग्रजी वाक्य दिले होते : ‘द अकाउंट इज ओव्हरड्रॉन बाय टू हंड्रेड रुपीज.’ एका विद्यार्थ्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘खाते दोनशे रुपयांनी फार रेखाटले गेले आहे.’ वर्ग हसला. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. परंतु पुढच्याच आठवड्यात दुसरा एक विद्यार्थी बँकेकडून घरी आलेला कागद घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा ते हसू ओसरले. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. कागदावर हेच क्रियापद होते व पुढे २४० रुपयांचा आकडा होता. ‘ओव्हर’ म्हणजे अधिक, अर्थात खात्यात २४० रुपये अधिक आहेत, असा घरच्यांनी समज करून घेतला आणि गिरणीच्या पट्ट्याबद्दल दुकानदारास आणखी एक चेक लिहून दिला. तो परत आला. दुकानदाराने चारचौघांत काय सुनावले, ते त्या मुलाने आम्हांस सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

तेव्हा हे क्रियापद नीट समजून घेऊ या. ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणे. विहिरीतून पाणी ओढतात, त्याचप्रमाणे खात्यातून रक्कम काढतात. ‘ओव्हर’ येथे मर्यादा ओलांडल्याचे दाखवितो. खात्यात ५०० रुपये शिल्लक असता ७०० रुपयांचा चेक वटला, तर खाते २०० रुपयांनी ‘ओव्हरड्रॉन’ झाले. म्हणजे वाक्यातील आकडा काढलेल्या रकमेचा नव्हे, शिल्लक राहिलेल्या रकमेचा तर नव्हेच. तो केवळ शिलकेबाहेर गेलेल्या रकमेचा होय, आणि तितके आपण बँकेचे देणे लागतो. ‘बाय’ पाहताच कर्ता शोधण्याची सवय विद्यार्थ्यांना असते. येथे त्याचा अर्थ ‘इतक्याने’ असा घ्यावा.

रूपे अशी : वर्तमानकाळी ‘ओव्हरड्रॉ’, भूतकाळी ‘ओव्हरड्र्यू’, तिसरे रूप ‘ओव्हरड्रॉन’. गमतीची गोष्ट अशी की, इंग्रज मनुष्य ‘आय ॲम ओव्हरड्रॉन’ असेही म्हणतो. खात्याची अवस्था तो स्वतःस लावून घेतो! मराठीत हे चालणार नाही. ‘ओव्हरस्पेंड’ हे याचे भावंड असले तरी त्याचा अर्थ निराळा. ऐपतीबाहेर खर्च खिशातल्या पैशांतूनही होतो. ‘ओव्हरड्रॉ’ला मात्र खाते हवे.

बँक संमतीने अशी जादा रक्कम काढू देते, त्या सवलतीस ‘ओव्हरड्राफ्ट’ म्हणतात. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १७२८ मध्ये रॉयल बँकेने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्यास खात्यातील शिलकेहून १,००० पौंडांपर्यंत अधिक रक्कम काढण्याची मुभा दिली. या सवलतीचा हा आरंभ समजला जातो. परंतु अशा व्यवहारासाठी आपणांस इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बडोद्यातच हरिभक्ती, मैराळ इत्यादी पेढ्या गायकवाड सरकारच्या पोतदार होत्या. पुढे येणाऱ्या वसुलाच्या भरवशावर त्या सरकारास आगाऊ रकमा देत व त्यावर व्याज आकारीत. १८०२ च्या सुमारास अरब शिबंदीचा थकलेला पगार चुकविण्यासाठी सावकारांकडून व कंपनी सरकारकडून कर्ज उभारावे लागले, तेव्हा सावकारांस कंपनीने हमी दिली. ही हमी ‘बहांदरी’ या नावाने ओळखली जाई, आणि तिच्या वाटेने कंपनीचा हात दरबारच्या कारभारात शिरला. पुढे २० जुलै १९०८ रोजी महाराजा सयाजीराव तिसरे यांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. तिचे राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ रोजी झाले. याच महाराजांच्या कारकीर्दीत, १९३१ मध्ये, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश बडोद्यास निघाला. इंग्रजी कारभारी शब्दांना देशी प्रतिशब्द देण्याची निकड येथे किती आधी जाणवली होती, हे त्यावरून दिसेल.

मराठीत ‘ओव्हरड्राफ्ट’ला ‘अधिकर्ष’ हा पारिभाषिक शब्द आहे. ‘अधि’ आणि ‘कर्ष’, म्हणजे अधिक ओढणे. घडण मुळाशी जुळणारी आहे. परंतु गिरणीवाल्यास तो सांगून पाहा! आम्हांस विचाराल तर ‘शिलकेबाहेर उचल करणे’ हेच बरे. ‘उचल’ म्हटले की फेडणे आहे, हे सांगावे लागत नाही.

पुरेशी शिल्लक नसता आणि सवलतही नसता चेक दिला, तर तो न वटता परत येतो. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ साली दुरुस्ती झाली. तीनुसार देण्यापोटी दिलेला चेक अपुऱ्या शिलकेमुळे परत आला आणि रीतसर नोटीस पोहोचल्यावर १५ दिवसांत रक्कम चुकती केली नाही, तर तो दंडनीय अपराध ठरतो. सुदैवाने आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी चार दिवसांतच पैसे भरले.

एक अर्थ राहिला. कादंबरीतील एखादे पात्र लेखकाने अतिशयोक्तीने रंगविले असेल, तर त्यासही टीकाकार ‘ओव्हरड्रॉन’ म्हणतात. येथे ‘ड्रॉ’ म्हणजे चित्र काढणे. तेव्हा ‘फार रेखाटले गेले आहे’ असे लिहिणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थ्याचे भाषांतर खात्याला लागू पडले नाही, पण पात्राला ते बरोबर लागू पडते. त्याच्या वहीत आम्ही काट मारली होती. तिच्याशेजारी आता तसे लिहून दिले आहे.